उतरणीवरचं माप

"सर, हा दगड चुकलाय," तेजश्री म्हणाली. "थोडाथोडका नाही, दहा मीटरनं."

तिच्या एका हातात रोव्हरची काठी होती आणि दुसऱ्यात त्याचा स्क्रीन. आकाशातल्या उपग्रहांना विचारून जमिनीवरची जागा सांगणारं हे यंत्र आमच्या मोजणी खात्यात नवीन आलंय, आणि तेजश्रीही. वर्षसुद्धा झालं नाही तिला. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं. मी म्हटलं, "पुन्हा घे." तिनं पुन्हा घेतलं.

"दहा पूर्णांक शून्य दोन. कुठल्या गाढवानं बसवलाय हो हा, सर?"

गाढव तिच्या शेजारीच उभं होतं, डोक्याला रुमाल बांधून. जुना कागद तिच्या काखेतल्या फायलीत होता, खाली सही होती, आज ना उद्या ती वाचणारच होती. मी आपला घाम पुसत नाल्याकडे बघत राहिलो.

सकाळी जीपमध्ये बसेपर्यंत मला कुठं जायचंय ते ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, पोरगी नवी आहे, तुम्ही सोबत जा, जुलैत रिटायर होताय, तेवढंच डोंगरात फिरणं होईल. पोलादपूर मागं पडल्यावर मी सहज अर्ज बघितला. 'मौजे खैरटेंब. अर्जदार सोनाबाई धोंडू.' मला एकदम तहान लागली. बाटलीतलं निम्मं पाणी संपवलं तरी भागेना.

खैरटेंबची ती जमीन सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खाली नाला. नाल्याच्या काठावर पहिला दगड. तिथून सरळ चढ लागतो, एकसारखा, मध्ये खाचखळगा नाही. नकाशात लिहिलंय, नाल्यावरच्या दगडापासून एकशे तीस मीटरवर हद्द. हद्दीच्या खालचं रान धोंडूचं, वरचं रावजीचं. धोंडू बौद्धवाडीतला गवंडी. रावजी वरच्या वाडीतला, घरचा बरा, गावात शब्द चालणारा. हद्दीच्या अलीकडे, धोंडूच्या रानात, एक झरा होता. धोंडूनं तो उकरून, काळा दगड घडवून, नऊ पायऱ्यांची चिमुकली विहीर बांधली. मेमध्येसुद्धा तिला पाणी असायचं. पाणी लागलं तसं रावजी म्हणायला लागला की विहीर माझ्या हद्दीत आहे. धोंडूनं मोजणीचा अर्ज टाकला. सन एकोणीसशे शहाण्णव. मोजणीला आलो मी, महिपती, वय वर्षं एकोणतीस, दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे अडतीस. ते एकशे अडतीस मी कुणालाही, कधीही, न विचारता सांगत असे.

तेव्हा हे रोव्हर-बिव्हर नव्हतं. तीस मीटरचा टेप, ओळंबा, आणि दोन माणसं. उतरणीवर मोजायचं तर टेप जमिनीवर टाकायचा नसतो. तो आडवा ताणून धरायचा, टोकाला ओळंबा सोडायचा, ओळंबा पडेल तिथं खूण करायची, मग तिथून पुढचा टप्पा. जिना मोजावा तसं. कारण नकाशाला फक्त आडवं माप कळतं. टेप चढावर लोळवलात तर तुम्ही मोजता तो कर्ण, काटकोन त्रिकोणातली सगळ्यात लांब बाजू. नकाशाला हवा असतो पाया. हे खात्यातल्या शेंबड्या उमेदवाराला पण ठाऊक असतं.

पण टप्प्याटप्प्यानं मोजायला दोन-अडीच तास लागतात, आणि रावजीच्या घरी कोंबडं शिजत होतं.

आमच्याकडे रीत अशी की ज्याचा अर्ज, त्याच्या घरी मोजणीदाराचं जेवण. त्या दिवशी मी पोचलो तशी धोंडूची बायको सोनाबाई ओटीवर आली. सारवलेली जमीन, पाट मांडलेला, पाण्याचा तांब्या भरलेला. तांदळाच्या भाकऱ्या आणि अंड्याचं कालवण केलं होतं तिनं. मी दारातूनच सांगितलं, "माझा आज उपास आहे." वार बुधवार होता. मी जन्मात कधी बुधवार धरला नाही. खरं कारण काय ते मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे, उगाच आडपडदा कशाला! ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पाट उचलला.

मग चढावर आलो. वरून रावजी ओरडला, "सायेब, उरका! रस्सा निवंल!" टेप धरायला माणसंही त्याचीच. मी म्हटलं, टाका जमिनीवर.

धोंडू पुढं झाला. काळा, शिडशिडीत, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. "सायेब, टेप लोळवू नका. आडवा धरा. माप चुकंल."

"का रे? तू मोजणीदार?"

"गवंडी हाय मी. उतरणीवरच घरं बांधताव आमी. बगा दाखवतो."

आणि त्यानं दाखवलं. चढावर तेरा वीत मोजून दोन्ही टोकांना खुणा केल्या. वरच्या खुणेवर बांबूचं टोक टेकवून बांबू आडवा धरला, आणि खालच्या खुणेवर ओळंबा बरोबर येईल तिथं बांबूला बोट लावलं. मग बोटापर्यंतचा बांबू वितीनं मोजला. बारा.

"तेराला बारा," तो म्हणाला. "मंग एकशे तीसला एकशे वीस. ल्हान तिकोन काय नि मोठा काय, सायेब, चढ तोच हाय ना? तुमी टेप लोळवलाव तं माजं दहा मीटर जातील. हीर जाईल."

मला कळलं नाही असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मला तिथल्या तिथं कळलं. नववीच्या पुस्तकातलं पान डोळ्यांपुढं आलं: दोन काटकोन त्रिकोणांत एक लघुकोन सारखा असला की पुरे, त्रिकोण समरूप, बाजू एकाच प्रमाणात. मी ते पान घोकून एकशे अडतीस मिळवले होते. त्यानं ते शाळेच्या पुस्तकात कधी पाहिलंही नसेल, तो सातवीत शाळा सोडलेला. आणि मी, एवढा शिकलेला, सरकारी टोपीचा, त्याच्याकडून वरच्या वाडीतल्या माणसांदेखत शिकणार? माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "मला शिकवतोस?" आणि त्याच्या खुणा चपलेनं पुसल्या.

टेप लोळवला. वीस मिनिटांत काम झालं. दगड बसला विहिरीच्या खाली, विहीर गेली वर, रावजीकडे. जबाबावर धोंडूनं सही केली आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मोजणी मान्य नाही.' ते अक्षर बघून तर माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. मी अहवालात ओळ टाकली: 'अर्जदारास मोजणीचे ज्ञान नाही. हरकत निराधार आहे.' मग वर जाऊन कोंबड्याचा रस्सा ओरपला. दोनदा मागून घेतला.

"सर," तेजश्री म्हणाली. आवाज बदललेला. तिनं कागद वाचला होता. "ही सही..."

"माझीच."

बिचारी लाल झाली. "सॉरी सर, मी मघाशी..."

"बरोबर बोललीस."

मी नाल्यापर्यंत उतरलो. तिला यंत्राचा आकडा पुरे होता, मला पुरत नव्हता. मी जीपमधून टेप आणला, तिच्याकडून काठी धरून घेतली आणि चढावर तेरा फूट मोजले. आडवे भरले बारा. आणखी दोन जागी घेतलं. बारा आणि बारा. एकोणतीस वर्षं झाली, पाऊस झाले, दरडी झाल्या, त्या चढानं आपलं प्रमाण सोडलं नव्हतं. मी तिथंच बांधावर बसलो.

तेजश्री शेजारी येऊन बसली. पोरगी मनानं चांगली आहे. हळू म्हणाली, "सर, एकवीसच्या पावसात ह्या पट्ट्यातले किती डोंगर सरकले. दगडही सरकला असेल. म्हणजे, तसं लिहिता येईल. 'मूळ खूण नैसर्गिक कारणाने विस्थापित.' नवीन दगड बरोबर जागी बसवू. त्यांना जमीन मिळेल, विहीर मिळेल. तुमचं नाव कुठं यायलाच नको."

मी साहेबांना फोन लावला. नाल्यापलीकडच्या टेकाडावर जाऊन, एक पाय खडकावर ठेवून, तेव्हा कुठं रेंज आली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हेच सांगितलं. "दगड सरकला म्हणा आणि या. रिटायरमेंटला दोन महिने राहिलेत, चौकशी लावून घेताय का स्वतःवर? पेन्शनची फाईल माझ्याच टेबलावर आहे, महिपतराव."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. साप मरणार होता आणि काठीही तुटणार नव्हती. म्हातारीला पाणी मिळतंय, आणखी काय हवं? उतरताना मी मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली. महिपती, केलेलं निस्तरलंस रे बाबा.

सोनाबाई दगडापाशी येऊन बसली होती. पांढरं लुगडं, केस पांढरे, पाठ मात्र ताठ. तिचा मुलगा बुद्धरत्न शेजारी उभा. महाडला एका कारखान्यात असतो, आजची रजा टाकून आलेला. मी त्यांना सांगितलं, "सोनाबाई, दगड खाली सरकलाय. आम्ही वर बसवतो. विहीर तुमच्या हद्दीत येतेय."

बुद्धरत्ननं आईकडे बघितलं. सोनाबाई माझ्याकडे.

"दगड सरकला?" ती म्हणाली.

"पावसानं. डोंगर सरकतात ना हल्ली."

"सायेब, तो दगड तुमी ठेवलाव त्या दिशी जितं व्हता तितंच हाय. रोज बगते मी. तो कशाला सरकंल?"

"अहो, तसं लिहावं लागतं. तुम्हाला जमिनीशी मतलब."

"नाय," ती म्हणाली. "मला जमिनीशी मतलब नाय."

मी वैतागलो. खरंच वैतागलो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय खोटं आहे? म्हटलं, "मग अर्ज कशाला केलात? सरकारला उद्योग नाहीत?"

"आई, मी सांगू?" बुद्धरत्न म्हणाला.

"नको रे, मी बोलते." तिनं पदर सारखा केला. "ते कोर्टात गेल्ते सायेब. सात वर्सं. तितं त्या वकिलानं तुमचा कागद मोठ्यानं वाचला. अर्जदारास ज्ञान नाय. सगला गाव बसलेला. जज बोलले, सरकारी मानूस खोटं कशाला लिवंल? केस गेली. त्याचं पन काय नाय. पन लोक ह्यांना बोलायला लागले, ओ ज्ञान नाय, ओलंबा घेतलाव का? पोरंटोरं बोलायची. मंग काम सुटलं. ज्याला माप कलत नाय त्याच्याकडनं घर कोन बांधून घेईल? सांगा ना. पंचवीस घरं बांधली व्हती ह्यांनी ह्या खोऱ्यात. येक भिंत वाकडी नाय. शेवटाला ममईला गेले, बिल्डिंगीवर इटा उचलायला. गवंडी मानूस, हाताखाली बिगारी व्हते त्याच्या, तो दुसऱ्याचा बिगारी झाला. करोनाच्या आदल्या वर्साला गेले. जाताना पन हेच, सोने, तेराला बाराच येतात गो. मी बोलली, व्हय, बाराच येतात. मी काय, अडानी. माजं कोन ऐकतंय?"

खाली नाल्यात कुणाची तरी म्हैस ओरडली.

"तुमी आता दगड सरकला लिवाल," ती म्हणाली, "तर तुमी पन खरे आनी दगड पन खरा. मंग खोटा कोन ऱ्हायला? आमचा मानूसच ना?"

मी म्हटलं, "सोनाबाई, माझी नोकरी..."

"त्या दिशी तुमचा उपास व्हता," ती मध्येच म्हणाली. "बुधवार व्हता. मी इसरली नाय." रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो.

मी जीपपाशी गेलो. बॉनेटवर कागद ठेवला. अडतीस वर्षांची नोकरी म्हणतात लोक, नोकरीच्या अडतीस वर्षांत मी जवळपास हजारभर मोजण्या केल्या असतील, आणि नाकानं कांदे सोलत फिरलो, की महिपतीच्या मोजणीवर अपील होत नाही. अपील कोण करणार? ज्यांनी हरकत घेतली त्यांना मी अडाणी लिहीत गेलो. धोंडू पहिला होता की तिसरा, मलाच आठवेना. आणि आणखी किती दगड असे कुठं कुठं बसलेत, देव जाणे.

मी लिहिलं. 'सन १९९६ ची मोजणी मी स्वतः केली. टेप आडवा न धरता उतारावर टाकून मोजल्याने हद्दीचा दगड दहा मीटर खाली बसला. त्या वेळी अर्जदार धोंडू यांनी हीच चूक जागेवर प्रात्यक्षिकासह दाखवून दिली होती. त्यांचे गणित बरोबर होते. ते मला तेव्हाही समजले होते. अर्जदारास मोजणीचे ज्ञान नाही, हे माझे विधान खोटे होते.' सही केली. तारीख घातली.

तेजश्रीनं वाचलं. "सर, 'तेव्हाही समजले होते' हे कशाला? तेवढं तरी काढा."

"तेवढंच तर खरं आहे गं त्यात."

मग ती यंत्र घेऊन वर गेली आणि बरोबर जागी चुन्याची खूण केली. सकाळपासून मी त्या बाजूला, विहिरीकडे, फिरकलो नव्हतो. आता सहीसाठी रावजीला बोलावणं धाडलं. रावजी काठी टेकत आला. ऐंशीच्या पुढं गेलाय, डोळ्यांत मोतीबिंदू. मी कंबर कसून होतो. म्हटलं, हा आता आभाळ डोक्यावर घेणार, पोराला बोलावणार, वकिलाचं नाव काढणार. मी त्याला सगळं सांगितलं, कागद वाचून दाखवला.

"कुटं करू सई?" रावजी म्हणाला.

"हरकत नाही तुमची?"

"हरकत कसली? न्या की ती हीर." त्यानं सही केली, मोठी, वाकडी. "तिच्यात आता हाय काय? आमच्या पोरानं, हर्षदनं, वर बोअर मारली, तीनशे फूट, तवापासून तिच्यात थेंब नाय. दोन वर्सं झाली. सापकिरडं पडतात नुसती."

मी वर धावलो म्हणायला हरकत नाही, ह्या वयात जेवढं धावता येतं तेवढा. विहीर पहिल्यांदाच नीट बघितली. काळ्या दगडाचा चौकोन, एक सांधा हललेला नाही, कोपरे असे की काटकोनाचा गुण्या लावून बघावा. खाली नऊ पायऱ्या. तळाला वाळलेल्या पानांचा थर, एक फुटकी प्लास्टिकची बादली, आणि कोरडा ठणठणीत कातळ. मी कितीतरी वेळ वाकून बघत राहिलो. काय शोधत होतो कुणास ठाऊक.

बुद्धरत्न मागं येऊन उभा राहिला. मी त्याच्यावरच उखडलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. आमचं पाणी टँकरचं आहे, सर."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?" तो शांतपणे म्हणाला.

सोनाबाई चढ चढून आली. धाप लागली होती, पण कुणाचा हात धरला नाही. तिनं मला कागद पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. तिनं तेजश्रीला विचारलं, "येवढंच लिवलंय ना गो बाय? ह्यो वाचताना जास्तीचं बोलत नाय ना?" तेजश्री म्हणाली, "नाही आजी, एवढंच आहे." मग म्हातारीनं विचारलं, शिक्का कधी बसेल, नक्कल कधी मिळेल. मी म्हटलं महिनाभरात. साहेब हा कागद पुढं पाठवतील की दाबून ठेवतील, ते मला सांगता येत नव्हतं, आणि मी ते तिला सांगितलंही नाही. इतक्या खऱ्यानंतर तेवढं खोटं तोंडात ठेवलंच मी.

"तरी पन आता ही आमची ना?" ती विहिरीकडे बघत म्हणाली.

"तुमची."

"मंग रत्ना, जा रे, घमेलं नि खराटा आन."

"आई, आज कशाला? पाणी तर नाय तिच्यात."

"त्यांच्या हातची हाय. घान कशी ठेवायची?"

ती एकेक पायरी बसून उतरली. खाली वाकून पानं घमेल्यात भरायला लागली. पहिलं घमेलं तिनं वर धरलं तसा मी पुढं होऊन दोन्ही हात केले.

"ऱ्हाऊ द्या सायेब," ती खालून म्हणाली. "रत्ना घेईल. तुमी गाडीत बसा, ऊन लागंल."

बुद्धरत्ननं माझ्या हातांवरून वाकून घमेलं घेतलं आणि बांधाच्या पलीकडं रिकामं केलं. तिनं दुसरं भरलं, मग तिसरं. पानं संपल्यावर तिनं तळ झाडायला घेतला, कोपऱ्याकोपऱ्यांतून, घर झाडावं तसा. मी चढ उतरून जीपमध्ये जाऊन बसलो.